दोर कोठे अडतो?

संस्कृतात 'गुण' या शब्दाचा एक अर्थ दोरी असा आहे. धनुष्याची दोरी तो गुण, आणि माणसाच्या अंगी असलेली चांगली गोष्ट तोही गुणच. हे दोन अर्थ एका शब्दाच्या पोटी कसे नांदू लागले याचा निर्णय भाषापंडितांनी करावा. मात्र ज्याने एखादे जड ओझे केवळ दोराच्या भरवशावर उंचावरून खाली सोडले आहे, त्याला या जोडीचे नवल वाटणार नाही. दोराच्या अंगचे गुण आणि अवगुण ठाऊक नसतील, तर त्याच्या खाली कोणी उभे राहू नये.

आमच्या निपाणीच्या परिसरात या ज्ञानाची गरज विशेषेकरून वैशाख-ज्येष्ठात पडते. वळवाचा पहिला वारा सुटला की पोखरलेली जुनी झाडे कोणाच्या छपरावर, कोणाच्या विजेच्या तारेवर, तर कोणाच्या गोठ्यावर येतात. म्हणून पावसापूर्वीच धोक्याची झाडे उतरविण्याचे काम सुरू होते. 'उतरविण्याचे' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. पूर्वी मोकळ्या रानातील झाड बुंध्यावर घाव घालून आडवे केले की काम संपे. आता तेच झाड दोन घरांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला किंवा शाळेच्या आवारात उभे असते. त्याला आडवे होण्यास जागाच नसते. त्यामुळे ते शेंड्याकडून तुकड्या-तुकड्यांनी कापून, प्रत्येक तुकडा दोराने खाली आणावा लागतो. यासाठी परवानगी लागते हेही येथेच सांगून ठेवतो. निपाणीत कर्नाटकाचा १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, आणि गावाला लागूनच असलेल्या अर्जुननगरात पाऊल टाकले की महाराष्ट्राचे कायदे लागू होतात. दोराला मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस नियम एकच.

या कामाची मांडणी वाचकांनी एकदा डोळ्यांसमोर आणावी. वर चढलेला माणूस कापावयाच्या फांदीला दोर बांधतो. तो दोर झाडाच्याच एखाद्या भक्कम बेचक्यात पट्ट्याने अडकविलेल्या कप्पीवरून जातो आणि बुंध्यालगत खाली उतरतो. तेथे बुंध्याला घट्ट आवळून बांधलेला विंच असतो. विंच म्हणजे आपल्या विहिरीवरील रहाटाचा आणि विहीर खोदताना दगडमाती वर काढणाऱ्या यारीचा भाऊबंदच होय. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा एक ड्रम, त्याला फिरविण्याचा दांडा, आणि उलटे फिरू न देणारा खटका. काही विंचांत सगळा दोर ड्रमवरच गुंडाळला जातो. काहींत दोराचे दोन-तीन वेढेच ड्रमभोवती पडतात आणि पुढचे शेपूट दुसऱ्या माणसाच्या हातात राहते. झाडाच्या कामाला हा दुसरा प्रकार अधिक सोयीचा, कारण त्यात ओढताही येते आणि वेढे ढिले करून हळूहळू सोडताही येते. शिडाच्या नौकांवर शिडाचे दोर ताणण्यासाठी असेच विंच असतात.

म्हणजे ओझ्यापासून माणसाच्या हातापर्यंत दोराचे चार मुक्काम झाले: गाठ, कप्पी, ड्रम आणि शेपूट. दोर अडला, घसरला, पिळला किंवा तुटला, तर तो या चारांपैकी कोठे तरी बिघडलेला असतो. परंतु जेथे बिघाड दिसतो तेथेच त्याचे कारण असेल असे मात्र नाही. ड्रमवर गुंता होतो आणि त्याचे मूळ वरच्या कप्पीच्या जागेत निघते. गाठीजवळ दोर तुटतो आणि चूक खाली शेपूट धरणाऱ्याची असते. दोराचा रोग शोधावयाचा तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी वाट चालून पाहावी लागते. ही एक गोष्ट ध्यानी आली की बाकीचे सारे तपशील आपोआप आपापल्या जागी बसतात.

प्रथम ड्रम पकडतो कसा ते पाहू. दोर ड्रमला कोठेही बांधलेला नसतो, नुसता गुंडाळलेला असतो. मग दोनशे किलोंचा ओंडका एका माणसाच्या दोन बोटांत कसा तोलला जातो? याचे उत्तर आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात आहे. रवीला दोरीचे दोन वेढे देऊन ताक घुसळताना दोन्ही टोके ताणलेली असली की रवी गरगर फिरते. एक टोक हातातून पार ढिले सोडा, की दोरी रवीवरून नुसती घसरते आणि रवी जागच्या जागी राहते. वेढ्याच्या प्रत्येक भागात दोरी थोडी थोडी पकड घेते, आणि त्या पकडीची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. समुद्रमंथनाच्या कथेतील वासुकीच्या शेपटाशी देव आणि मुखाशी दैत्य, असे दोन्ही पक्ष का लागले, याचे यंत्रशास्त्रीय कारण हेच म्हणावे लागेल.

या गुणाकाराचे गणित अठराव्या शतकातील थोर गणिती ऑयलर याच्या नावाने ओळखले जाते. दोर आणि धातू यांच्यातील घर्षणाचा गुणांक पाव, म्हणजे ०.२५, धरला तर एका पूर्ण वेढ्यात ताण सुमारे ४.८ पटींनी उतरतो. दोन वेढ्यांत २३ पट, तीन वेढ्यांत १११ पट. दोनशे किलोंचे ओझे एका वेढ्यावर धरू गेल्यास हातावर सुमारे ४२ किलोंचा ताण येईल आणि माणूस ओढला जाईल. दोन वेढ्यांवर ९ किलोंहून थोडा कमी, आणि तीन वेढ्यांवर दोन किलोंहूनही कमी. ड्रम लहान असो वा मोठा, या हिशोबात फरक पडत नाही. फरक पडतो तो वेढ्यांच्या संख्येने आणि घर्षणाने.

येथेच पहिल्या दोषाचे, म्हणजे दोर घसरण्याचे, निदान लपलेले आहे. करवतीच्या साखळीचे तेल दोराला लागले, ड्रम गुळगुळीत झाला किंवा सरीने ओला झाला, आणि घर्षण निम्म्यावर आले असे समजा. तर तीन वेढ्यांचे १११ पट निम्मे होऊन ५५ होतील असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. ते १११ चे वर्गमूळ होते, म्हणजे साडेदहा. ज्या ओझ्याला सकाळी दोन किलोंची धर पुरत होती, त्याला आता १९ किलोंची लागते. 'सकाळी तीन वेढ्यांवर छान चालले होते' हा अनुभव म्हणूनच दुपारी उपयोगाचा नसतो. उपाय सोपा आहे: ओझे सोडण्यापूर्वी एक वेढा वाढवावा, ड्रम कोरड्या फडक्याने पुसावा, आणि तेलाने माखलेला दोर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. ओझे लटकत असताना मात्र वेढा वाढविण्याच्या खटपटीत ड्रमजवळ हात नेऊ नये. त्याआधी शेपूट बुंध्याला बांधून घ्यावे.

आणि शेपूट धरणाऱ्याने ते मनगटाला किंवा पंज्याला कधीही गुंडाळू नये. पकड चांगली बसते म्हणून बैलाचा कासरा हाताला गुंडाळण्याची सवय आमच्याकडे फार आहे. बैल ओढतो तेव्हा माणूस फरफटतो. ओंडका ओढतो तेव्हा बोटे ड्रममध्ये जातात.

याच्या उलट तक्रार म्हणजे दोर सुटतच नाही, किंवा गचके देत सुटतो. वेढे गरजेपेक्षा अधिक असले की हलके ओझे खाली उतरेनासे होते, हे वरच्या गणितावरून उघड आहे. गचक्यांचे कारण मात्र पुष्कळदा झाडातच असते. वड, पिंपळ, उंबर, फणस ही सारी चिकाची झाडे. ताज्या कापाचा चीक दोराला लागतो, त्यावर भुसा आणि तांबडी धूळ बसते, आणि वाळल्यावर दोराला खरखरीत कवच येते. असा दोर ड्रमवर क्षणभर चिकटतो, ताण वाढला की एकदम सुटतो, पुन्हा चिकटतो. विंचवरील माणूस समजतो की यंत्र बिघडले. यंत्राला काहीही झालेले नसते. चिकाच्या झाडावर काम करताना दोर दिवसातून दोन-तीनदा पुसणे हाच त्यावर इलाज.

आता सर्वांत त्रासदायक दोषाकडे वळू. तो म्हणजे वेढ्यावर वेढा चढणे. ओढ चालू असताना ड्रमवर येणारा नवा वेढा खालून यावा आणि आधीचे वेढे वर सरकत जावेत अशी योजना असते. ही शिस्त मोडून नवा वेढा जुन्याच्या अंगावर बसला, की वरच्या ताणाने खालचा वेढा आवळला जातो आणि दोर स्वतःलाच फास लावून घेतो. मग दांडा पुढे फिरत नाही, शेपूट ढिले केले तरी दोर सुटत नाही, आणि ओंडका अधांतरी लोंबकळत राहतो. खाली घराची कौले, वर झाडावर माणूस, आणि मध्ये हा त्रिशंकू!

असा प्रसंग आम्ही एका उन्हाळ्यात गावातील एक जुना पर्जन्यवृक्ष उतरविताना पाहिला. कामावरील तरुण पोरगा भाबडेपणाने अडकलेल्या वेढ्यात बोट घालून तो उचकटू पाहत होता. तोच मुकादम ओरडले, "अरं, बोट नगं घालू तितं! आधी वरलं ओझं दुसऱ्या दोरावर घे." पोरगा म्हणाला, "काका, जरासाच अडकलाय की." मुकादमांनी त्याचे मनगट धरून त्याला बाजूला केले, आणि मग पुढचे काम सुमारे अर्धा तास चालले. ते कसे केले ते नीट सांगण्याजोगे आहे, कारण अशा वेळी घाईचे लाख उपाय सुचतात आणि योग्य उपाय एवढा एकच असतो.

त्यांनी बारीक पण मजबूत दोरीचे एक कडे घेतले आणि ते विंचच्या वरच्या अंगाला, ताणलेल्या मोठ्या दोराभोवती तीन वेळा आतल्या आत गुंफून आवळले. ही गाठ ओढ नसताना मोठ्या दोरावर वर-खाली सरकते, आणि ओढ पडली की घट्ट पकडते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून ती प्रुसिक गाठ म्हणून ओळखली जाते. मुकादमांना हे नाव ठाऊक नव्हते, त्यांची गाठ चोख होती. त्या कड्यात त्यांनी साखळी-कप्पीचा आकडा अडकविला, तिचे दुसरे टोक बुंध्याच्या तळाशी बांधले आणि साखळी ओढून मोठा दोर चार बोटे खाली घेतला. त्याबरोबर सगळे ओझे साखळीवर आले आणि ड्रमवरचा दोर सैल पडला. मगच वेढे उलगडले, नीट गुंडाळले, शेपूट ताणून धरले, आणि साखळी सैल करीत ओझे पुन्हा विंचवर दिले.

परंतु पुढील ओंडक्याच्या वेळी वेढा पुन्हा चढला. येथे दोराची वाट चालून पाहण्याचे महत्त्व दिसते. दोर ड्रमला काटकोनात न येता किंचित खालच्या अंगाने यावा लागतो, तरच नवा वेढा जुन्यांच्या खाली बसतो. येथे विंच बुंध्यावर फार खाली बांधलेला होता आणि दोर थेट वरच्या कप्पीकडून उतरत होता. त्यामुळे प्रत्येक वेढा वरूनच येऊन पडे. मुकादमांनी विंचच्या खाली, बुंध्याच्या पायथ्याशी एक छोटी कप्पी बांधली. दोर आधी तिच्याखालून घेऊन मग ड्रमवर नेला. त्यानंतर दिवसभर एकही वेढा चढला नाही. ड्रमवर काहीच दुरुस्ती झाली नव्हती.

वेढा चढण्याचे दुसरे कारण म्हणजे ढिला दोर भराभर ओढून घेताना आधीच तीन-चार वेढे देऊन ठेवणे. दोर सैल असेपर्यंत एकच वेढा असावा, ताण आल्यावर पुढचे वाढवावेत. तिसरे कारण म्हणजे शेपूट धरणाऱ्याचे लक्ष उडणे. त्याने क्षणभर ढील दिली की वेढे ड्रमवर सैल होऊन एकमेकांवर पडतात. म्हणून त्याच्याशी कामाच्या वेळी कोणी गप्पा मारू नयेत.

ज्या विंचवर सगळा दोर गुंडाळला जातो त्याचा दोष थोडा निराळा. त्यात सैल गुंडाळलेल्या थरांत वरचा ताणलेला दोर पाचरीसारखा घुसतो आणि सोडताना बाहेर निघत नाही. पहिले थर ताण देऊनच गुंडाळले तर हे टळते. शिवाय समोरची पहिली कप्पी ड्रमच्या फार जवळ असेल तर दोर एकाच बाजूला ढीग करतो. ड्रमच्या मध्यासमोर, ड्रमच्या रुंदीच्या सुमारे वीस पट अंतरावर ती कप्पी असली म्हणजे दोर ओळीने बसतो. तीस सेंटिमीटर रुंदीच्या ड्रमला सहा मीटर. आणि ओझे कितीही खाली गेले तरी ड्रमवर निदान तीन वेढे शिल्लक राहिलेच पाहिजेत. दोराचे टोक ड्रमला ज्या खिळीने बसविलेले असते ती खिळी ओझे पेलण्यासाठी नसते, पेलण्याचे काम ते तीन वेढे करतात.

पिळाचा विषय आला की आम्हांस मोटेचे दिवस आठवतात. विजेचे पंप येण्यापूर्वी आमच्या भागातील विहिरींवर मोटेचा जाड नाडा आणि बारीक सोंदूर रात्रंदिवस चाकावरून धावत. केकताडाचा वाख, अंबाडी, ताग यांचे दोर वळण्याचे काम मातंग समाजातील कारागीर पिढ्यानपिढ्या करीत आले. सुताचा पीळ एका दिशेला, त्या सुतांच्या पेडाचा पीळ उलट दिशेला, आणि तीन पेडांचा दोर वळताना पुन्हा पहिल्या दिशेला. उलटसुलट पीळ एकमेकांना अडवून धरतात, म्हणूनच दोर दोर राहतो. दोर उभा धरला असता त्याचे पेड डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसले, तर तो उजव्या पिळाचा. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळावा, ड्रमवरही त्याच दिशेने द्यावा. उलट दिशेने दिला तर प्रत्येक वेढ्याबरोबर त्याचा पीळ उकलू लागतो.

झाडाच्या कामात ओझे सोडताना दोर शेपटाकडून ड्रमवर आणि ड्रमवरून ओझ्याकडे सरकतो. ड्रमची पकड घट्ट असल्याने जादा पीळ तिच्यापलीकडे जाऊ शकत नाही. तो मागे, शेपटाच्या बाजूस साचत जातो. शेपूट ढिगाऱ्यात अडकलेले असेल तर त्याला फिरावयास वाव मिळत नाही, आणि मग तिढे पडतात. तिढा दिसताच थांबावे, टोक मोकळे करून दोर उलट्या दिशेने फिरवून तो सोडवावा. तिढ्यासकट दोर ताणला तर तो सरळ झालासा दिसतो, पण तेथील पेड कायमचे मोडलेले असतात. ती जागा पुढे कधी दगा देईल याचा नेम नाही. हल्ली वेणीसारखे विणलेले दोर मिळतात. त्यांत निम्मे पेड एका दिशेने आणि निम्मे दुसऱ्या दिशेने जातात. त्यामुळे त्यांना तिढ्याची व्याधी पुष्कळ कमी असते.

दोर तुटण्याविषयी लोकांचा एक दृढ समज असा की ओझे जड झाले म्हणून दोर तुटला. वजन क्वचितच गुन्हेगार असते, गुन्हेगार असतो हिसका. शंभर किलोंचा तुकडा एक मीटर मोकळा पडला आणि मग दोराने त्याला दहा सेंटिमीटर ताणून थांबविले असे धरा. पडताना मिळविलेली सगळी ऊर्जा दोराला त्या दहा सेंटिमीटरांत गिळावी लागते. हिशोब केला असता दोरावरील कमाल ताण २२०० किलोंच्या वजनाइतका येतो, म्हणजे ओझ्याच्या बावीस पट! तोच दोर पन्नास सेंटिमीटर ताणला असता तर ताण ६०० किलोंवर राहिला असता. थांबण्यास वाव दिला की ताण उतरतो. झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो ते याचसाठी. विंचवरील जाणता माणूस तुकडा सुटताच दोर एकदम अडवीत नाही. थोडा धावू देतो, आणि मग हळूहळू आवळतो. नवखा माणूस भीतीने गच्च धरतो आणि दोर गाठीपाशी तुटतो. मग दोष गाठीला लागतो.

गाठीचाही थोडा दोष असतोच. गाठीत दोर तीव्र वळतो, बाहेरच्या अंगाचे तंतू अधिक ताणले जातात आणि आतल्या अंगाचे रिकामे राहतात. म्हणून गाठ मारलेला दोर आपली एक तृतीयांश ते निम्मी ताकद गमावतो. लहान चाकाच्या कप्पीवरून नेलेल्या दोराचेही तसेच. चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या आठपट असावा असा साधारण संकेत आहे. आणि वरच्या कप्पीच्या पट्ट्याचे गणित तर विद्यार्थ्यांनी वहीत मांडूनच पाहावे. दोर कप्पीवरून वर जाऊन जवळजवळ समांतर खाली येतो, तेव्हा दोन्ही पदरांचा ताण कप्पीवर पडतो. ओझे दोनशे किलोंचे, पण पट्ट्यावर भार चारशेंचा. हिशेबी माणूस दोर जाड घेतो आणि पट्टा मात्र घरातला जुना वापरतो, याचे आम्हांस नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे.

घर्षणाने पकड मिळते, तशीच उष्णताही मिळते. दोनशे किलोंचा ओंडका आठ मीटर खाली उतरविला की सुमारे १५,७०० ज्यूल ऊर्जा ड्रम आणि दोर यांच्यात उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. एवढ्या उष्णतेने पेलाभर, म्हणजे दोनशे ग्रॅम, पाणी सुमारे १९ अंशांनी तापेल. एका ओंडक्याने काही बिघडत नाही, परंतु लागोपाठ दहा ओंडके भरभर सोडले की ड्रम हाताला चटका देतो. वाखाचा दोर अशा वेळी करपतो, त्याचा वास येतो. १९३५ साली नायलॉनचा शोध लागल्यानंतर जे कृत्रिम धाग्यांचे दोर आले ते वास न देता मुकाट्याने वितळतात. बाजारात ट्रॉलीला बांधण्यासाठी मिळणारा रंगीत, स्वस्त, हलका दोर बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो. तो १६५ अंशांच्या आसपास वितळतो आणि उन्हानेही कुजतो. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या पुढे टिकते, म्हणून विंचसाठी तो बरा. दोरावर काचेसारखा चकचकीत, कडक पट्टा दिसला तर तेथील तंतू वितळून एकमेकांस चिकटले आहेत असे समजावे. नायलॉनचा दोर पुष्कळ ताणतो, म्हणून हिसका सोसण्यास तो चांगला. पण तुटला की तीच साठलेली ताकद टोकाला चाबकासारखी फेकते. त्यामुळे ताणलेल्या दोराच्या सरळ रेषेत, किंवा कप्पीपाशी दोर जेथे वळतो त्या कोनाच्या आतल्या बाजूस, कोणी उभे राहू नये. बघ्यांनी तर नाहीच.

तारेच्या दोराविषयी थोडेच सांगतो, कारण झाडाच्या कामात तो कमी लागतो. जर्मनीतील हार्झ पर्वताच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यांनी तो १८३४ साली प्रथम वापरात आणला. तो ताणत नाही, त्यामुळे हिसका मुळीच सोसत नाही. तुटलेल्या तारांचे काटे, गंज, आणि पेड फुगून झालेला पिंजऱ्यासारखा आकार ही त्याच्या म्हातारपणाची लक्षणे. टोकाला कडी करताना वळवून आणलेल्या मोकळ्या टोकावर 'यू' आकाराच्या क्लिपेची वाकडी सळई यावी आणि भार वाहणाऱ्या पदरावर तिची खोबण यावी. उलट बसविली तर सळई भाराच्या पदरालाच चिरडते. ही चूक आम्ही रस्त्याच्या कडेच्या खांबांच्या ताणांवरही पाहिलेली आहे.

दोराची तपासणी डोळ्यांपेक्षा बोटांनी चांगली होते. काम सुरू होण्यापूर्वी तो सगळा हातातून सरकवावा. कोठे बारीक लागतो, कोठे कडक, कोठे मऊ पोकळ, कोठे लव आलेली. पेड किंचित उकलून आत पाहावे. आत भुकटी दिसली तर धुळीच्या कणांनी तो आतून कापला जात आहे. नव्या दोरावर जो तुटण्याचा ताण लिहिलेला असतो त्याच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्याहून अधिक भार कामात द्यावयाचा नसतो. तो आकडा वाचून 'दोन हजार किलोंचा दोर आहे, दीड हजार सहज पेलेल' असे म्हणणारे लोक आहेत. हिसक्याचा, गाठीचा आणि उन्हाचा हिशोब त्यांनी केलेला नसतो.

आमच्याकडील झाडे उतरविणारी माणसे बहुधा झाडामागे ठरलेल्या रकमेवर काम करतात. नवा दोर घेणे म्हणजे त्यांना कित्येक दिवसांची कमाई घालविणे असते. म्हणून विहिरीच्या कामातला किंवा ट्रॉलीवरचा जुना दोर झाडावर येतो आणि वर चढलेला गडी त्याच्या भरवशावर फांदी तोडतो. काम ठरविताना घरमालकाने मजुरीबरोबर दोराचीही चौकशी करावी आणि गरज पडल्यास त्याचे पैसे निराळे द्यावेत, असे आम्हांस वाटते. त्या दोराखाली त्याच्याच घराचे छप्पर असते.

निकामी ठरलेला दोर तसाच कोपऱ्यात टाकला तर तो कोणी ना कोणी उचलून नेतोच. आमच्या भागात त्याचा ठरलेला प्रवास असा: झाडावरून गोठ्यात, गोठ्यातून माळ्यावर, आणि माळ्यावरून नागपंचमीला आंब्याच्या फांदीवर, झोक्यासाठी. झोका उंच जातो तेव्हा सर्वांत खालच्या टप्प्यावर दोरावर नुसत्या वजनाच्या दुपटीहूनही अधिक ताण येतो, आणि फांदीवर तो दिवसभर एकाच जागी घासतो. म्हणून मुकादम आपला बाद झालेला दोर हातभर लांबीचे तुकडे करूनच टाकतात. त्यांच्या घरी त्या तुकड्यांची चुंबळ होते, आणि पाण्याची घागर तीवर बरी बसते.